हिरव्या सोंगट्या

ऐक,

मी ड्यूटीला निघाले. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, गरम करून घे. ठकूच्या शाळेच्या अर्जावर सही कर. टेबलावरचा लुडो मात्र हलवू नकोस, डाव चालू आहे.

आपल्या ड्यूट्या उलटसुलट झाल्या तेव्हा तूच तिला सांगितलं होतंस, की जो घरी येईल त्याने आपलं दान टाकून ठेवायचं. चार दिवस तू टाकलंस. मग आल्या आल्या आडवा व्हायला लागलास. तुला बोल लावत नाही. रात्रभर स्टिअरिंग धरून आणखी काय होणार? वॉर्डातून आल्यावर मीसुद्धा भिंतीला धरूनच बूट काढते. पण पोर शाळेतून आली की दप्तरसुद्धा न काढता आधी तुझ्या हिरव्या सोंगट्या बघते. म्हणून तीन आठवडे पहाटे निघताना तुझं दान मीच टाकत होते.

काल पितळ उघडं पडलं. तू एकच सोंगटी दामटत नेतोस आणि तिची समोर आली की मारतोस. मी चारही बाहेर काढून बसते आणि तिला सोडून देते. हे माझ्या लक्षातच आलं नाही, तिच्या आलं.

वाटलं, रुसेल. तर म्हणते कशी, "आई, तू दमतेस. उद्यापासून बाबांचं दान मी टाकत जाईन."

आज मी टाकलेलं नाही. फासा तुझ्या ताटाशेजारी आहे. झोपण्याआधी टाक. तिची लाल सोंगटी तुझ्या पुढे तीन घरांवर आहे. तीन पडले तर सोडू नकोस.