तिसरी वाटी

चौथा महिना, सहावा दिवस

येनदादा,

धाकट्या दुआनचा वाकून नमस्कार. आईचा खोकला कमी आहे. राळे गुडघाभर आलेत. तू पाठवलेलं कापड आईने अजून कापलेलं नाही, तुझ्या लग्नाला म्हणून ठेवलंय.

लेखनिकांची शाळा अर्धवट का सोडली, हे तू तीनदा विचारलंस. तर ऐक. गुरुजींनी विचारलं, पळून आलेल्या मुलाला आईने लपवलं तर शिक्षा काय? मी कलम धडाधड म्हणून दाखवलं. अगदी अचूक. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मला माझीच शिसारी आली. कुंचला ठेवला, निघालो.

कायदा वाईटच, असं मी म्हणत नाही. सरदाराच्या पुतण्याने बाबांचा हात मोडला, तेव्हा याच कायद्याने त्याच्या तोंडावर गुन्हेगाराची खूण गोंदवली. रेशीमवाला आणि तागवाला त्याला सारखेच. त्या दिवशी मला खांद्यावर घेऊन तू नाचला होतास. पण त्याच कायद्याने आपली पाच घरं एका दोरीत बांधली. एकाने गुन्हा केला आणि बाकीच्यांनी कळवला नाही, की शिक्षा सगळ्यांना. म्हणून शेजारचे जीकाका हल्ली लोकांच्या वाट्या मोजतात.

परवा विहिरीवर मला म्हणाले, "रोंगकडे तीन वाट्या धुतल्या. घरात तर मायलेकी दोघीच."

"तिसरी माझी. मी जेवतो तिथे."

"रोज?"

"काका, हे मोजायचं काम तुम्हाला दिलं कुणी?"

"द्यायला कशाला हवं? माझीही मान आहे ना या पाच घरांत."

वाईट माणूस नाही रे. मला पोहायला त्यांनीच शिकवलं.

ती वाटी रोंगच्या भावाची, पेंगची. कालव्याच्या सक्तीच्या कामावरून पळून आला होता, पाठ सोललेली. काल सकाळी तो नदीपार गेला. तीन दिवसांत कालव्याचे लोक झडतीला येतील. काकांनी आधी तोंड उघडलं तर रोंग जाईल. कुणीच उघडलं नाही तर पाचही घरं.

या पत्रासोबत बांबूची दुसरी पट्टी आहे. तीत लिहिलंय की पेंगला मी एकट्याने आपल्या धान्याच्या पेवात लपवलं, त्याच्या घरच्यांना पत्ता नव्हता. बाबांनंतर घरचा कर्ता तू. ती पट्टी कचेरीत ने आणि माझ्याविरुद्ध तक्रार दे. झडतीआधी पाचांतून तक्रार गेली, की शिक्षा फक्त गुन्हेगाराला. कलम तुलाही पाठ आहे.

रोंगला सांगितलं, तर म्हणाली, "तुला कुणी मागितलं होतं? मोठा आलाय कलमं पाठ करणारा." मग पाठ फिरवून रडली. तिने मला होकार कधीच दिलेला नाही, दादा. याच्यानंतरही देईल असं नाही. चालेल.

मी पळणार नाही, दारातच बसलोय. डोकं भादरून तटबंदीच्या कामाला जुंपतील. जुंपू देत. एक तरी कलम मी माझ्या मर्जीने चालवलं.

ही पत्राची पट्टी वाचून चुलीत घाल. कायद्यापुढे भाऊ नसतो, असं तूच शिकवलंस ना? मग तक्रार नीट लिही. अक्षर थरथरलं तर कचेरी परत पाठवते.

तुझ्या तक्रारीतला गुन्हेगार, आणि तरीही तुझा धाकटा,
दुआन