तूट समुद्रात उभी आहे

बुधवार, ४ जून

जमलं! साहेबांनी भर बैठकीत पाठ थोपटली.

आपला देश बाहेरून आणतो फार, बाहेर पाठवतो थोडं. फरक म्हणजे तूट. तीस तारखेला तिमाही संपते, आणि व्यापारमंत्रीबाईंना त्या दिवशीच्या भाषणात तूट नको आहे. बैठकीत सगळे माना खाली घालून बसलेले. एकजण म्हणाला, निर्यात वाढवू या. महिन्याभरात काय वाढवणार? नखं? शेवटी मीच तोंड उघडलं. माल धक्क्यावर उतरला की आपण तो आयातीत धरतो. उतरलाच नाही तर? जहाजं तीस तारखेपर्यंत बाहेर समुद्रातच उभी करा. एक तारखेला सोडा. तिमाही नवी, पाटी कोरी!

मग साहेब म्हणाले, "हा माणूस इतकी वर्षं कुठे लपवून ठेवला होता?"

जिन्याखालच्या खोलीत, साहेब. तुम्हीच ठेवला होतात.

शुक्रवार, ६ जून

हुकूम निघाला. योजनेला माझंच नाव पडलंय. बंदरावर फोन करून म्हणतात, "त्यांची योजना लावा." मान ताठ झाली, आणि थोडी दुखतेही.

घरी मात्र वेगळंच. ताईच्या गाठीवरचा किरणांचा शेक अर्ध्यावर आला होता, आणि आज इस्पितळाचं मशीनच बसलं. जुनं होतं, कधीतरी बसणारच होतं! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळजी करू नका, नवीन मागवलंय, येईलच एवढ्यात. पण जास्त खंड पडायला नको, नाहीतर गाठ पुन्हा डोकं वर काढेल आणि आधी घेतलेलं सगळं वाया जाईल. ताई माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, कान पिळून पिळून. डाव्या कानाला अजून आठवतं.

सोमवार, ९ जून

ऑफिसच्या गच्चीवरून जहाजं दिसतात. ओळीने उभी. सगळा विभाग चहाचे पेले घेऊन बघायला गेला. साहेब म्हणाले, "केवढी तूट उभी आहे बघा! आणि एक पैसा नोंदला नाही." टाळ्या.

गुरुवार, १२ जून

मशीन त्यातल्याच एका जहाजावर आहे.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "आलंय हो ते, बाहेर उभं आहे. कोणीतरी दीडशहाण्याने जहाजं अडवून ठेवलीत." मी म्हटलं, "कमाल आहे लोकांची!" आणि घाम पुसला.

शुक्रवार, १३ जून

साहेबांकडे गेलो. एकच खोकं उतरवू द्या म्हटलं. साहेबांनी बेरीज करायला लावली. केली. मशीन बाहेर राहिलं तर देश तुटीतून वर येतो. मशीन उतरलं तर देश खाली जातो. एका खोक्याचा फरक! पुन्हा केली. तेच. एवढं महागडं मशीन मागवायची काय गरज होती या लोकांना?

साहेब म्हणाले, "तुम्हीच सांगा, काय करू?"

बेरजेचा कागद घडी करून खिशात घातला.

मंगळवार, १७ जून

ऑफिसात शाईचा ठणठणाट. शाईही बाहेर उभी. निर्यातवाढीचा अहवाल इतका फिका छापला गेला की साहेबांनी तो खिडकीत नेऊन वाचला आणि म्हणाले, "चित्र आशादायक दिसतंय." गावात बल्ब मिळत नाहीत. आमच्या हिला शिलाईच्या सुया मिळेनात. ही म्हणते, "कोणत्या अकलेच्या कांद्याने काढलं हे?" मी आमटी ओरपत राहिलो. हिला सांगितलेलं नाही. ताईलाही नाही.

ताईला सांगितलंय की समुद्रात वादळ आहे. ती म्हणाली, "वादळ? बाहेर बघ, पान हलत नाहीये."

शुक्रवार, २० जून

नवीनच मजा. जहाजांवरचे खलाशी कंटाळून होडीने गावात येतात. जेवतात, दाढ्या करून घेतात, चपला शिवून घेतात. परदेशी माणसाने इथे येऊन पैसे देऊन दाढी केली की ती सेवांची निर्यात! साहेब नाचायचे बाकी होते. एका कारकुनाला न्हाव्याच्या दुकानात बसवलंय, दाढ्या मोजायला.

दुपारी ताईला घेऊन इस्पितळात गेलो. किरणांच्या खोलीला कुलूप. शेजारच्या खोलीत एका खलाशाची दाढ काढत होते. तीही निर्यात. तो बोंबलत बाहेर आला, ताईने त्याला स्वतःच्या बाकावर जागा दिली, पाणी दिलं. मला म्हणाली, "बिचारा. याच्या जहाजावर काय आहे कुणास ठाऊक." मला तिथे उभं राहवेना.

सोमवार, २३ जून

एक शक्कल लढवली. इस्पितळाने मशीन विकत न घेता भाड्याने घेतलं असं दाखवू. म्हणजे तो माल नाही, सेवा. सेवा धक्क्यावर उतरत नाही! बैठक बसली. माल म्हणजे काय, सेवा म्हणजे काय, यावर दुपार गेली. एक म्हातारे सल्लागार म्हणाले, "आत घेताना दार काढावं लागतं तो माल. दारातून आपणहून आत येते आणि बसायला खुर्ची मागते ती सेवा." मशीनसाठी इस्पितळाची भिंत पाडून ठेवलीय, हे त्यांच्या कानावर होतंच. माल ठरला. एकमताने.

मला बैठकीतच रडू आलं. सल्लागारांना वाटलं सर्दी आहे.

मंगळवार, २४ जून

ताईला सगळं सांगितलं. पोटात ठेवणं होईना. वादळ नाही, जहाज मी अडवलंय, युक्ती माझी.

वाटलं, बोलणार नाही आता कधी. ती हसायला लागली! हसता हसता खोकली. "लहानपणी नावडती भाजी ताटाखाली लपवायचास. वर मला ताट दाखवून शाबासकी मागायचास. एवढा घोडा झालास तरी तेच?" मग हसू थांबलं. म्हणाली, "जा आता, माझं मशीन ताटाखालून काढ. मला जगायचंय रे."

गुरुवार, २६ जून

थेट मंत्रीबाईंकडे गेलो. त्या आरशासमोर भाषणाचा सराव करत होत्या. सगळं ऐकून घेतलं. डोळे भरून आले त्यांचे! मला वाटलं, सुटलो. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "सख्खी बहीण? अहो, मग हा तर केवढा त्याग! मी भाषणात घालते."

तोंडातून "आभारी आहे" निघालं. सवयीने! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

शनिवार, २८ जून

ताईला गिळताना त्रास होतोय. डॉक्टरीणबाई म्हणतात, एक तारखेला उतरवलं की रात्रंदिवस खपून जोडू. अजून वेळ गेलेली नाही. "अजून" हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला.

सोमवार, ३० जून

तूट गेली. देश वर आला! मंत्रीबाईंनी आकडा सांगितला, लोक बाकं वाजवत राहिले. मग भाषणात "एका अधिकाऱ्याच्या भगिनी" आल्या. सभागृह उठून उभं राहिलं. साहेबांनी मला ढकलून पुढे केलं. मीही हात जोडले. ते जोडलेले हात घरच्या टीव्हीवर ताईने बघितले. म्हणाली, "केस कापून घे जरा. उद्या माझ्याबरोबर यायचंय ना."

मंगळवार, १ जुलै

जहाज नाही. काल संध्याकाळीच नांगर उचलून गेलं. पैसे मशीन उतरल्यावरच मिळणार होते, उभ्या जहाजाचं भाडं मात्र चढत होतं, म्हणून कंपनीने ते दुसऱ्या देशाला विकून टाकलं.

तडक साहेबांच्या खोलीत गेलो. ताईला त्या देशात नेतो, परवानगीवर सही करा. साहेब हळहळले. खरोखर हळहळले. मग म्हणाले, "पण परदेशी जाऊन उपचार घेणं म्हणजे सेवांची आयात. आज सकाळपासून सेवांनाही तुमचीच योजना लावलीय. सप्टेंबरअखेरपर्यंत कोणालाही सोडता येत नाही."