सात नंबरच्या पाहुण्याची आगाऊ माहिती

२४ नोव्हेंबर १९९१, रविवार
पुरवणीत वाचलं. परदेशातली मोठी हॉटेलं पाहुणा यायच्या आधीच त्याची सगळी माहिती काढून ठेवतात. उशी कोणती लागते, चहात साखर किती, वाढदिवस कधी. पाहुणा खोलीत शिरतो तर आवडीचं फूल हजर. पाहुणा गहिवरतो.

हे धुळ्यात का होऊ नये? आमचं लॉज स्टँडसमोर आहे. संस्कृत पाठशाळेत शिकलेला मॅनेजर अख्ख्या खान्देशात दुसरा नसावा. संकल्प: उद्यापासून प्रत्येक पाहुण्याची आगाऊ माहिती. गुप्तपणे, सभ्यपणे, शास्त्रशुद्ध.

मंजुळेला सांगितलं. पत्नी या नात्याने तिने उत्साह दाखवायला हवा होता. म्हणाली, आधी घरचं बघा. चारूच्या स्थळाकडून या आठवड्यात कोणीतरी चौकशीला येणार आहे, तोवर तोंड आवरा. (मुलगा जळगावला शेतकी खात्यात. फोटो आलाय. आमची लेक चारुशीला काही बोलली नाही, पण फोटो पाकिटात परत गेलेला नाही.)

२५ नोव्हेंबर, सोमवार
चौकशीचा बंदोबस्त पूर्ण. आपल्याकडची रीतच आहे. मुलाकडचा कोणी जाणता माणूस गुपचूप येतो, गल्लीत विचारतो: घर कसं, बाप कसा, भांडणाचा आवाज बाहेर येतो का. म्हणून देवपुरात, आमच्या गल्लीत, गिरणीवाला, दूधवाला, समोरच्या भागाबाई, सगळ्यांना काय सांगायचं ते पढवून आलो. भागाबाई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही कमी बोलतस हे मी कसं सांगू? माले हसू येई." 'मितभाषी' काढून 'मनमिळाऊ' घातला.

आधीची दोन स्थळं मोडली ती ग्रहयोगाने. मंजुळेचं मत निराळं. दुसऱ्या मुलाच्या आजोबांचं पहिलं लग्न मी हुडकून काढलं आणि भर बैठकीत त्याचा उल्लेख केला, म्हणून मोडलं म्हणते. मी फक्त साल विचारलं होतं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार, दुपार
सात नंबरला नवा पाहुणा. तोताराम नाना, सावद्याकडचे केळीवाले. धोतर, टोपी, कापडी पिशवी. धंद्याच्या कामाला आलो म्हणाले, पण बाजाराकडे फिरकले नाहीत. खाली बाकावर बसतात. बघत राहतात. मुख्यतः माझ्याकडे.

त्याच दिवशी, संध्याकाळ
आमचा स्वयंपाकी वना सांगत आला, "भाऊ, त्या नाना तुमनाबद्दल इचारत व्हतात. मॅनेजर दारू पेस का, घरमा कसा ऱ्हास, बायकोवर आरडस का." तू काय सांगितलंस विचारलं. म्हणे, "सांगं, पेत नही. पन बोलस भलताच."

डोक्यात लख्ख उजेड पडला. हॉटेलांचा दर्जा ठरवायला सरकारी माणसं ओळख लपवून फिरतात म्हणे. मॅनेजरच्या चारित्र्याला त्यात स्वतंत्र गुण असणारच. पहिला प्रयोग सात नंबरवर.

२७ नोव्हेंबर, बुधवार
नानांच्या गावच्या सोसायटीत फोन लावला. लॉजमधून बोलतोय म्हटलं की माणसं हातचं राखून बोलतात. म्हणून धुळ्याच्या दवाखान्यातून बोलतोय म्हणालो. दवाखान्यापासून कोणी काही लपवत नाही. हे असत्य नव्हे, उपाय आहे.

क्लार्कने नानांच्या घरून त्यांच्या बहिणीला बोलावून आणलं. बाई भावाकडे आलेल्या. केवढी माहिती! नानांना मूळव्याध. उशी चालत नाही. इसबगोलाशिवाय झोप नाही. धाकट्या भावाशी बांधावरून अबोला. कुत्र्याला भितात. मध्येच, "माह्या भावाले झालं तरी काय?" असं सारखं विचारत होत्या. काळजी नको, फक्त माहिती हवी होती, असं सांगून फोन ठेवला. बाईंचा आवाज थोडा कापरा वाटला. लाईन खराब असावी.

नाना खरेच तिकडचे निघाले. म्हणजे दर्जा ठरवणाऱ्या समितीवर घेतलेले शेतकरी प्रतिनिधी. सरकार घेतंच.

सगळं विचारलं. 'तुम्ही कोणाकडच्या' हे तेवढं विचारलं नाही. तो खेडवळ प्रश्न मला आवडत नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळ
सात नंबरची उशी काढून घेतली. टेबलावर इसबगोल आणि कोमट पाणी. दारातलं कुत्रं हाकललं, आणि नानांना सांगितलंही की आता निर्धास्त उतरा.

नाना पांढरे पडले. "हे तुम्हाले कोनं सांगतलं?" मी नुसता हसलो. गहिवर प्रत्येकाचा वेगळा असतो.

दुपार
भोजनगृह भरलेलं. भरताचा दिवस. वना नानांच्या ताटात वाढणार इतक्यात मी लांबूनच ओरडलो, "सात नंबरला भरीत नको, त्यांना मूळव्याध आहे, ताकभात दे!"

वेळेवर ओरडलो म्हणून बरं. घास तोंडात गेला असता.

साक्रीच्या एका प्रवाशाने आपुलकीने स्वतःच्या मूळव्याधीचं औषध सांगायला घेतलं. दुसऱ्याने त्याला खोडून काढलं. पाहुण्यांत असा संवाद आमच्याकडे प्रथमच घडला. नाना ताटावरून उठले. खोलीला आतून कडी.

संध्याकाळ
घडलं ते क्रमाने लिहितो.

दारात जीप थांबली. आतून बायामाणसं उतरली, रडत. पुढे एक ठेंगण्या बाई. "इथं उतरलेले तोताराम नाना कोन्या दवाखान्यात हायेत? बठ्ठे दवाखाने पालथे घातले!" मी पुढे होऊन शांतपणे म्हणालो, बाई, काळजी नको.

बाई जागीच थबकल्या. रडणं बंद. "हाच तो! याचाच आवाज! यानंच सांगतलं मले, दवाखान्यातून बोलू राह्यलो म्हनून!"

जिन्यात नाना. बनियनवर. त्यांच्यासमोर जीपमधून आलेला धाकटा भाऊ, ज्याच्याशी अबोला. तोही रडत होता. (अबोला सुटला. याचं श्रेय कोणी दिलं नाही.)

नाना म्हणाले, "शेवंते, रडू नको. मले काही झालं नही. यायले नमस्कार कर. हे आपले व्याही होनार व्हते."

शेवंताबाई मुलाच्या आई. नाना मुलाचे मामा.

'होणार होते.' भूतकाळ मला तेव्हाच खटकला.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार
नाना सकाळीच गेले. मी काउंटरवर खुलासा मांडला: परदेशी पद्धत, पुरवणी, उशी. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तुमच्या लॉजात कोन उतरलं ते तुम्हाले माहीत पाहिजे, मान्य. त्याले कुठं दुखते हे सगळ्या पंगतीले कशाले? उद्या तुमची पोरगी आमच्या घरात आली का आमचं घर इथं ताटात वाढनार तुम्ही."

होय-नाही काहीच सांगितलं नाही.

मंजुळा बोलत नाही. चारू बोलते, पण 'चहा झालाय' एवढंच. फोटो पाकिटात गेलेला दिसला.

२ डिसेंबर, सोमवार
निरोप नाही. जळगावच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा आहे, त्याला सहज विचारता आलं असतं. विचारलं नाही. म्हणजे विचारलं, पण त्याला काही माहीत नव्हतं.

चारूला म्हणालो, याहून चांगलं स्थळ आणतो. ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही आता काही आणू नका." डोळे लाल होते. मी उठून अंगणात गेलो.

५ डिसेंबर, गुरुवार
मध्यस्थ सुपडू आप्पा आले. मला म्हणाले, तुम्ही जरा बाहेर बसा. माझ्याच घरात! दार लोटलेलं होतं. कान लावला नाही. आवाजच मोठा होता.

नानांनी देवपुरातही चौकशी केली होती म्हणे. मुलगी गुणी, आई शहाणी. स्थळ पसंत. अट एकच: सासरचं एक अक्षर वडिलांच्या कानावर जायचं नाही. कोणाला काय दुखतं, कोणाचं कोणाशी पटत नाही, काही नाही. अगदी लग्नाच्या बोलण्यापासून.

मला वाटलं, चारू विचार करायला वेळ मागेल. बापाचा प्रश्न आहे. आप्पांचं वाक्य संपायच्या आत ती "चालेल" म्हणाली. मंजुळा पाठोपाठ म्हणाली, "माझंही चालेल."

स्थळ जुळलं, हे महत्त्वाचं. मुळात माझ्या लॉजमुळेच नाना आमच्या इतक्या जवळ आले.

९ डिसेंबर, सोमवार
मी घरात शिरलो की बोलणं थांबतं. 'अंघोळीचं पाणी काढलंय' म्हणतात. तारीख विचारली तर मंजुळा हसली. चार वर्षांनी हसली असेल, म्हणून पुढे विचारलं नाही. चारू गुणगुणत होती. फोटो पुन्हा बाहेर आहे.

आज दारात मांडवाचे बांबू येऊन पडले. म्हणजे लवकरच असावं.