दिपाची तीज

डोंगरकड्याजवळचा तांडा
दि. १९ ऑगस्ट २०२५

चि. रणजीत यास,

वडिलांचे आशीर्वाद. इकडे आम्ही सर्व बरे आहोत. हैदराबादेत तुझे जेवणखाण आणि नोकरी सुरळीत असेल, असे गृहीत धरून लिहितो.

सोयाबीन फुलावर आहे. हळदीला मातीची भर देऊन झाली. डाव्या डोळ्याचे ऑपरेशन दिवाळीनंतर करू असे डॉक्टर म्हणतात. तोवर अक्षर तिरके जाईल, समजून घे. तुझी आई फोन करू म्हणत होती. मी थांबवले. फोनवर ऐकणारा मध्येच बोलतो आणि मला हे सलग सांगायचे आहे.

विषय दिपाचा आहे. तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही क्रमाने लिहितो, कारण पुढचे सारे त्यांच्यावर उभे आहे.

तिचे वडील वसमतच्या बाजारात राखण करीत. नेपाळातून आले तेव्हा ती कडेवर होती. आई त्याआधीच वारली होती. गेल्या वर्षी वडीलही गेले. शाळेने त्यांच्या शब्दावर तिचे नाव घातले, आणि हिंगोलीच्या सरकारी महाविद्यालयात ती आपल्या शिलाबरोबर बी.एस्सी.ला पोहोचली तोवर कोणी काही विचारले नाही. ती तिथली असल्याचा कागद नाही, इथली असल्याचाही नाही. जाण्यास घर नाही म्हणून शिलाने तिला उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्याकडे आणले. त्या सुट्टीत तूही इथे होतास.

जुलैत कोणी निनावी तक्रार केली, की वसतिगृहात परदेशी मुलगी राहते. पोलीस चौकशी लागली. प्राचार्य एकेकाळी माझ्या तर्कशास्त्राच्या वर्गात बसलेले आहेत. ते म्हणाले, "सर, पटावरून तिचं नाव मी काढणार नाही. पण वसतिगृहात ठेवणं माझ्या हातात नाही. तिच्यासाठी उभं राहील असं एक घर दाखवा. खरं घर. बनवलेलं नको."

शिला तिला घेऊन एसटीने इथे आली. तुझ्या आईने लगेच तोड काढली, "ऊसतोडीच्या टोळीत जन्मली म्हणून सांगा. कोण बघाया गेलंय?" मी नकार दिला. एका खोट्यावर पुढची सगळी उत्तरे उभी करावी लागतात आणि त्यातले पहिले पडले की मुलगीच पडते. "तुमचं खरं अंथरून पोरीला निजवू का?" असे म्हणून ती आत गेली.

मग तांड्याचे नायक बाबूसिंग पवार यांनी पंचांची नसाब बसवली. सारा तांडा लिंबाखाली जमला.

"मास्तर, पोलीस इचारतील, ही कोन? पाव्हनी म्हनू? पाव्हनी चार रोज ऱ्हाते. ही तर तुमच्या गोठ्यातलं शेण काढून राहिली!" लोक हसले. "तांड्यात बाईमानूस दोनच नात्यानं ऱ्हाते. लेक, न्हाईतर सून. काय समजायचं, बोला."

'सून' म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिले. उन्हाळ्यात तू काय मागितले होतेस, ते तुझ्या आईने त्यांच्या कानावर घातले असावे.

मी दिपालाच विचारले. ती म्हणाली, "सून झाले तर कॉलेज?"

"ते घरचे ठरवतील," बाबूसिंग म्हणाले.

तिने आपल्या ओसरीकडे पाहिले, जिथे मे महिन्यात तू खाट टाकून बसत असस. ही केवळ नोंद आहे. त्यावरून मी अनुमान काढत नाही. मग म्हणाली, "लेक."

लेक, पण कोणाची? हा प्रश्न मी इथपर्यंत टाळत आलो आहे.

बाबूसिंगांनी तिला पवारांत घेण्याची तयारी दाखवली होती. "माझी लेक करतो, मास्तर. मंग वरीसभरानं वरात तुमच्याच दारी!" पवारांची लेक राठोडांची सून होऊ शकते. एकाच गोताची म्हणून राठोडांची लेक मात्र राठोडांची सून कधीही होऊ शकत नाही. मी नको म्हणालो. तो आसरा नव्हता, लग्नाचाच मागचा दरवाजा होता, आणि ती त्यातून कधी येते याची सारा तांडा वाट पाहत बसला असता. जिला 'नाही' म्हणून जायला दुसरी जागा नाही, तिचा होकार संमती म्हणून धरता येत नाही. म्हणून मी आपले गोत सांगितले. नसाबीने मानले. ती राठोड झाली आणि तू तिचा भाऊ. हे उलटवता येत नाही, हे तू जाणतोस.

तुला आधी विचारले नाही. विचारले असते, तर तू मान्य केले असतेस असे मला वाटते. ते तुझ्या तोंडून वदवून घेणे मला बरे वाटले नाही.

श्रावणात मुलींनी तीज पेरली. तो मान तांड्याच्या कुमारिका लेकींचा, सुनांचा नाही, पाहुण्यांचा तर नाहीच. दिपाने शिलाशेजारी दुरडीत गहू पेरला, रोज पाणी घातले आणि सगळी गाणी चुकीची म्हटली. हवालदार आले ते नेमके त्याच दिवसांत.

"ही कोणाची?"

"राठोड मास्तरांची लेक," बाबूसिंग म्हणाले.

"जन्माची?"

"न्हाई. नसाबीनं दिलेली. सगळ्या तांड्यादेखत."

हवालदार जवळा बाजारकडच्या एका तांड्यातले निघाले. दुरड्यांकडे पाहून त्यांनी दिपाला विचारले, "तुझी कोणती?" तिने दाखवली. "पिवळी पडली की गं. पानी लई घालती तू," एवढे बोलून, जे पाहिले आणि ऐकले तेच त्यांनी लिहून नेले.

याने ती भारतीय झाली नाही. ते अर्ज, ते न्यायालय, त्यांना वर्षे लागतील आणि निकाल काय येईल ते मी सांगू शकत नाही. पण प्राचार्यांनी तिला वर्गात बसवले आहे. शिला वसतिगृहात परतली. दिपा एसटीने जाते-येते आणि संध्याकाळी माझ्या डोळ्यांत थेंब घालते.

तीज तोडली त्या दिवशी लेकींनी आपापल्या भावांच्या फेट्यांत कोंब खोवले. दिपाच्या हातात एक जुडी उरली. कोणासाठी, असे मी विचारले. म्हणाली, "भीया इथं नाही ना." भावासाठीचा आपल्या बोलीतला हा शब्द तिला कोणी शिकवला, ठाऊक नाही. ती देताना तिने माझ्याकडे पाहिले असे लिहिण्याचा मला मोह झाला. तिने ओसरीकडे पाहिले.

जुडी या पाकिटात आहे. पोहोचेपर्यंत सुकली असेल. फेट्यात खोवण्याची सक्ती नाही. पण दिवाळीला येशील तेव्हा दार तीच उघडील, हे मनात धरून ये.

तुझा, शिलाचा आणि आता दिपाचाही,
बाप
ओमप्रकाश राठोड