कौलाचं फूल

मालवण, ८ फेब्रुवारी १९६३

माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन मुंबईत करावं का, हा कौल लावून हे संध्याकाळी देवळातून आले. "उजवो दिल्यान गो देवान. आता भिया नको." उजवा म्हणजे होकार. पण होकाराचं फूल घरी येतं, ते कुठे?

"प्रसाद खंय?"

"वाटेत पडलो तो." बोलताना नजर तांब्यात.

देवाचं फूल पाडतील असे हे नव्हेत. म्हणजे कौल डावाच? फूल मिळालंच नसेल? देवाला विचारल्याशिवाय विहीरही न खणणारे हे, आज मी जगावं म्हणून त्याच्याच नावाने खोटं बोलले?

पुन्हा विचारलं नाही. धाप लागत होती, तरी उठून मुंबईची ट्रंक काढली.