पंधरा-पंधरा दिवसांची ओवी

आरे, रत्नागिरी, ता. ३ फेब्रुवारी २०२५

सौ. रेणुकाताईंना भास्करचा स. न. वि. वि.

फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून पत्र.

आमचा अभय आणि तुमची मृणाली अपघातात गेली, त्याला तीन वर्षं झाली. अभयच्या वाटणीच्या आंब्याच्या कलमांना वारस म्हणून ओवीचं नाव लागलं, तेव्हा सातबाऱ्यावर पालनकर्ता म्हणून मी माझं नाव लावलं. तुम्हाला विचारलं नाही. सख्ख्या चुलत्याने कोणाला विचारायचं, अशी घमेंड होती. तुम्ही कोर्टात गेलात, आणि पोर पंधरा दिवस इथे, पंधरा दिवस तुमच्याकडे अशी फिरते आहे.

गेल्या खेपेला कमलाने तिच्यासाठी कपाटातला एक खण रिकामा केला. ओवी म्हणाली, राहू दे काकू, परत बॅग भरायचीच आहे. मी थकलो. यंदा मोहोर बरा आहे, पण फवारणीला मन लागत नाही. ओवीच्या ताब्यासाठी कोर्टात केलेला माझा अर्ज मागे घेतो. ओवी तुमच्याकडे राहू दे. बाग मी राखीन, नाव तुमचं लावा.

लोभ असावा असं कुठल्या तोंडाने लिहू? जमलं तर ठेवा.

भास्कर


नाचणे, रत्नागिरी, ता. ३ फेब्रुवारी २०२५

ती. भास्करभाऊजींना रेणुकाचा शि. सा. न.

बाग तुम्ही गिळणार, असं मी कोर्टात लिहून दिलं. तेव्हा मला तसंच वाटत होतं. आता लाज वाटते.

एवढं भांडून पदरात काय पडलं, तर ओवी माझ्या घरात डब्यातला लाडूसुद्धा विचारून घेते. सख्ख्या बहिणीची मुलगी, आणि पाहुणीसारखी वागते. आज वकिलांना कळवलं, दावा मागे घ्या. तिच्या बापाचं घर तिकडे आहे, तिथेच वाढू दे. सुट्टीत तेवढी पाठवा.

रागाने का होईना, आठवण ठेवा.

रेणुका


नाचणे, रत्नागिरी, ता. १० फेब्रुवारी २०२५

ती. काका आणि ती. मावशी यांना ओवीचा सा. न.

एकच पत्र लिहून झेरॉक्स काढली आहे. एकाला जास्त, एकाला कमी नको.

तुम्ही दोघांनी एकाच दिवशी पत्रं टाकलीत. काकांचं वाचून मावशी रडली. मावशीचं काकूने मला फोनवर वाचून दाखवलं. तीन वर्षं तुम्ही माझ्यावरून भांडत होतात. मला कंटाळा यायचा, पण मी दोघांना हवी होते. आता दोघांनीही सोडलं. सतराला कोर्टाची तारीख आहे, तेव्हा जज्जसाहेबांनी विचारलं, कोणाकडे राहतेस, तर मी काय सांगू?

सोळाला इथले पंधरा दिवस संपतात. बॅग भरून ठेवते. न्यायला येणार, की इथेच राहू, ते दोघं मिळून ठरवा आणि मला सांगा.

लोभ असावा, निदान एकाचा तरी.

ओवी