पाटीवरचा फ्रेंच माणूस

ब्रिस्टल, ३ मे १८८७

ती. लेटीताईस अँब्रोजचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल, बाबा सोडून. शनिवारी माझं तंबाखूचं दुकान उघडतंय. नव्या दुकानात पहिला पाइप घरातल्या वडीलधाऱ्यानं ओढायचा, ही आपल्या गल्लीची रीत तुला ठाऊकच आहे. पाटीवर मी ऐटीत ‘निकोशियन भांडार’ रंगवून घेतलं. जुना, भारदस्त शब्द. अर्थ इतकाच, की तंबाखूचं. पण पाद्रीबुवांनी बाबांच्या कानात घातलं, की तो कुणा फ्रेंच माणसाच्या नावावरून आलाय. झालं! आजोबांचा पाय फ्रेंच तोफेनं नेला, त्या नावाखाली मी काडी ओढणार नाही, म्हणून बसलेत. तू शिक्षिका. हे खोटं आहे असं त्यांना लिहून टाक ना! ज्यांनी मला हे काम शिकवलं तेच आले नाहीत, तर कुलूप काढायला माझा हात उठणार नाही.

लोभ शनिवारपर्यंत तरी दुप्पट कर.

तुझा अँब्रोज

बाथ, ५ मे

चि. अँब्रोज यास अनेक आशीर्वाद.

शहाण्या, रंगवण्याआधी विचारायचंस! पाद्रीबुवांचं खरं आहे. झां निको हा फ्रेंच राजाचा वकील लिस्बनला होता. तिथून त्यानं तंबाखू औषध म्हणून पॅरिसच्या दरबारी धाडली. पुढे पंडितांनी झाडालाच त्याचं नाव दिलं, त्यावरून हा शब्द. मी खोटं लिहिणार नाही. बाबांना हेच जसंच्या तसं कळवलंय. आणि नुसत्या चहापावावर राहू नकोस.

माया आहेच, कान धरायला येईन तेव्हा दिसेल.

लेटीताई

ब्रिस्टल, ९ मे

ती. ताईस सा. न.

बाबा आले! रस्ताभर माणसं, मी दारात घामाघूम. पाइप तोंडात, पण काडी ओढेनात. तुझं पत्र नाचवत सगळ्यांसमोर ओरडले, की या निकोनं पान पिकवलं नाही, कापलं नाही, नुसतं पार्सल धाडलं आणि नाव त्याचं! मी जन्मभर दुसऱ्यांच्या दुकानात तंबाखू कापली, माझं नाव कुठल्या पाटीवर आहे? ताई, मला रडूच आलं. पाटी पुसतो म्हणालो, तर म्हणे पुसतोस कशाला, रंग फुकट आलाय का? वर जागा आहे की! मग काडी ओढली आणि पहिला धूर माझ्याच तोंडावर सोडला.

आज रंगारी शिडीवर चढून ‘जोसाया टकेट आणि चिरंजीव’ लिहितोय. बाबा खाली उभे राहून त्याला दम देतायत, की टकेटची अक्षरं त्या फ्रेंच माणसाहून मोठी हवीत.

लोभ आहे तेवढा पुरे, फक्त आटू देऊ नकोस.

अँब्रोज